मदत हवी आहे: सोलापुरातून रविवारी जाऊन येण्यासारखं, आईचे गुडघे आणि पोरांचा किल्ला दोन्ही सांभाळून

नमस्कार मंडळी. सेकंडहॅन्ड वॅगनार घेऊन आठ महिने झाले आणि एवढ्यात ती तुळजापूरला चार वेळा, अक्कलकोटला तीन वेळा आणि पंढरपूरला दोनदा जाऊन आली. पोरगा सहावीत आहे, परवा तोंडावर म्हणला पप्पा आपली गाडी नुसती देवाला जाते. खोटं नाही बोलला.

अडचण अशी की गाडीत आम्ही पाच जण. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर हळूहळू चालते पण दहा-बारा पायऱ्यांच्या पुढं जमत नाही. धाकटीला गाडी लागते, सरळ रस्त्याला ठीक असते पण वळणं सुरू झाली की पिशवी काढावी लागते. सुट्टी फक्त रविवार. आणि मला अंधार पडायच्या आत घरी यायचंय कारण आता दिवाळीनंतर कारखाने सुरू होतील, मग रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, एकदा मोहोळच्या अलीकडं एका ट्रॉलीच्या ढुंगणाला गाडी लागता लागता राहिली तेव्हापासून बायको सहाच्या पुढं गाडीत बसायला तयार नाही.

आधी काय काय केलं ते सांगतो म्हणजे तेच तेच सुचवू नका. मे महिन्यात नळदुर्ग केलं, चूक माझीच, तिथल्या नर-मादी धबधब्याला पाणी नाही आणि उन्हानं दगड तापलेले, आई दरवाज्याजवळ सावलीत दोन तास बसून राहिली आणि परत येताना कोणाशी बोलली नाही. पोरगा मात्र उपळी बुरुजावर चढून वरच्या दोन्ही तोफा बघून आला, हत्ती तोफ आणि मगर तोफ, तो खूश.

एकच ट्रिप सगळ्यांना जमली ती हत्तरसंग कुडलची. चाळीसेक किलोमीटर, विजापूर रोडनं जाऊन आत वळायचं. भीमा आणि सीना तिथं मिळतात, जुनं संगमेश्वराचं देऊळ, आणि एकाच पिंडीवर साडेतीनशेच्या वर चेहरे कोरलेले. पोरगा मोजायला बसला, साठेकला गडबडला, परत पहिल्यापासून सुरू केलं आणि मग सोडून दिलं. देवळाच्या तुळईवर शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, मी मोबाईलवर ओळ काढली आणि एकेक अक्षर बोटानं दाखवत गेलो, "वाछि तो विजेया होईवा". जो वाचेल तो विजयी होईल. तर हा म्हणतो, मी वाचलं, म्हणजे युनिट टेस्ट झाली की. आईला देव मिळाला, पोराला कोडं मिळालं, धाकटी वाळूत खेळली, कडक भाकरी शेंगाचटणी दही तिथंच झाडाखाली खाल्लं.

तर असंच अजून सुचवा. देवस्थानच पाहिजे असं नाही, नको असंही नाही. नवरात्राच्या आधी दोन रविवार हातात आहेत.

बार्शीकर: कुडलचा लेख बघितलात हे बेस्ट केलं, आमच्याकडं लोक अजिंठ्याला जातील पण कुडलला नाही. सोलापूरचेच आनंद कुंभार, त्यांनी तो लेख उजेडात आणला. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर: माचणूर. मंगळवेढा रोडला, साधारण तेवढंच अंतर, वळणं नाहीत. सिद्धेश्वराचं देऊळ भीमेच्या काठाला, पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ, आणि बाजूला किल्ला. पोराला सांगा औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ इथंच ब्रह्मपुरीला होती, अख्खी मोगल बादशाही चार वर्षं आपल्या भीमेच्या काठावर बसून होती. फक्त भीमेला पाणी जास्त असेल तर पोरांना घाटावर सोडू नका. उजनीतून पाणी सोडलेलं असलं की नदी वेगळीच असते बे, गंमत नाही.

हुरडाप्रेमी: माचणूर करायचं तर डिसेंबर-जानेवारीत करा ना, पुढं मंगळवेढ्याला मालदांडी ज्वारीचा हुरडा खाऊन या. एका दगडात दोन.

विजापूरवाला: गोल घुमट का नाही? शंभर किलोमीटर आहे पण चौपदरी सरळ रोड, पोरीला गाडी लागायचा प्रश्न नाही. सज्जावर जायला सात मजले चढायचे, ते तुम्ही आणि पोरगं करा, आई खाली बागेत बसतील. वर एका बाजूनं भिंतीला तोंड लावून हळूच बोललं की पलीकडं ऐकू येतं, पण सकाळी लवकर पोचा, नंतर शाळांच्या बसा आल्या की नुसता किंकाळ्यांचा बाजार. मग इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर, तिथं आईपण निवांत फिरतील. मलिक-ए-मैदान तोफ बघायला विसरू नका, ती आपल्या परांड्याहून नेलेली आहे १६३२ ला.

धागाकर्ता: विजापूर मनात होतं, पण आई परत "खाली बसेल". तेच तर टाळायचंय हो.

नान्नजची: एक विचारू का दादा, राग मानू नका. सगळा धागा वाचला, आईंना काय बघायचंय हे कुठंच नाही. त्यांना विचारलंय का? आमच्या सासूबाईंना आम्ही वर्षभर देवाला नेत होतो आणि त्यांना बघायची होती काळविटं. शेवटी नान्नजच्या अभयारण्याकडं नेलं, वीस-बावीस किलोमीटर, गवतात काळविटांचा कळप दिसला. माळढोक नाही दिसला, ज्याच्यासाठी १९७९ ला अभयारण्य केलं तोच आता दिसत नाही. पण त्या अजून तो कळप सांगत असतात.

धागाकर्ता: ताई, राग कसला. खरंच विचारलं नव्हतं. आज जेवताना विचारलं. आई म्हणली, "तुळजापूरला मी दर पौर्णिमेला एसटीनं अर्ध्या तिकिटात जातेच की, तुझी गाडी कशाला पाहिजे त्याला. मला नर-मादी बघायचाय. मेमध्ये नेलंस तेव्हा कोरडा दगड दाखवलास." म्हणजे मे महिन्यातली गप्पगप्प त्याची होती, उन्हाची नव्हती. आता बोला. पाणी असताना नळदुर्ग करायचं तर आईला कुठपर्यंत नेता येईल?

बार्शीकर: हा हा. मग नळदुर्गच करा, यंदा पाऊस बरा आहे, बोरी नदी भरली असेल तर बंधाऱ्यावरून पाणी पडतंय का ते निघायच्या आधी गावात कोणाला तरी फोन करून विचारा, सांडवा सुरू नसेल तर परत कोरडा दगड. पाणी महाल बंधाऱ्याच्या पोटातच बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. खिडकीत उभं राहिलं की पुढं पाण्याचा पडदा पडतो आणि आत आपण कोरडे. तिथं उतरायला पायऱ्या आहेत, आईंना तिथं नेऊ नका, दगड शेवाळलेला असतो. पण वर तटाकडून पाणी आणि आवाज दोन्ही मिळतं. घडीची खुर्ची गाडीत टाका. सांगतोय म्हणून ऐका, माझ्या वडलांसाठी तीच कामाला आली.

विजापूरवाला: आणि परत येताना सरळ तुळजापूरवरून सोलापूर गाठा, लूप होतो. कोजागिरीच्या आसपास मात्र तो रोड धरू नका, चालत जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, गाडी हलत नाही.

धागाकर्ता: ठरलं, येत्या रविवारी सकाळी सातला निघतो, खुर्ची शेजाऱ्यांकडून घेतली. एक शेवटचं, आई विचारतीय की नळदुर्गला जाणारच आहोत तर खंडोबा पण होईल का. एकच देव दोन गावांत आलटून पालटून असतो ना, आत्ता अणदूरला आहे का नळदुर्गला?

बार्शीकर: आत्ता अणदूरला. नळदुर्गला हिवाळ्यात येतो, पौष पौर्णिमेची यात्रा तिथंच असते. किल्ला आधी करा, ऊन चढायच्या आत, मग अणदूर. आणि अहो, देवाला नाही जायचं म्हणून धागा काढला होता ना?

धागाकर्ता: पोराला सांगू नका.