थुलेचा तळ: फुकटात मिळालंय ते विकत कशाला घ्यायचं?

ध्रुवबाळ:
ट्रंपतात्यांनी २०१९ मध्ये ग्रीनलंड विकत घ्यायची टूम काढली तेव्हा लोक हसले, २०२५ मध्ये परत तोच घोषा सुरू झाला तेव्हा हसू आटलं. पण मला यातलं गणितच कळत नाहीये म्हणून हा धागा. सुरक्षेसाठी जे पाहिजे म्हणतायत ते अमेरिकेकडे १९५१ पासून आहेच की! वायव्य ग्रीनलंडमधला थुले एअर बेस, उत्तर ध्रुवापासून साधारण दीड हजार किमीवर. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात येतं, म्हणून २७ एप्रिल १९५१ ला डेन्मार्कशी करार झाला आणि जूनमध्ये अमेरिकेतल्या नॉरफोक बंदराहून १२० जहाजं आणि १२,००० माणसं निघालीसुद्धा, सगळं गुपचूप. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, मग काय, चोवीस तास काम, आणि समुद्र गोठायच्या आत दहा हजार फुटांचा रनवे तयार. इमारती जमिनीपासून उचलून बांधल्यात, कारण खालची जमीन कायमची गोठलेली, घराची ऊब लागली की ती सैल होणार आणि घर खचणार. पुढे रनवेलासुद्धा पांढरा रंग मारला, कारण तेच, काळं डांबर ऊन खातं.

आणि या सगळ्याला भाडं शून्य. जास्त माणसं आणायची तर डेन्मार्क आणि ग्रीनलंडशी आधी बोलायचं, बास. एकेकाळी तिथे दहा हजार लोक होते, आज अमेरिकन सैनिक दीडशेच्या आसपास. कमी कुणी केले? त्यांनीच ना? मग विकत घेऊन नवीन काय पदरात पडणार? माझ्या मते ही नुसती नकाशा रंगवायची हौस आहे.

जुना_फौजी:
साफ असहमत. माझी अर्धी नोकरी रडारसमोर बसून गेली म्हणून सांगतो, भिंतीवरचा नकाशा बघू नका, पृथ्वीगोल हातात घ्या. रशियातून अमेरिकेवर क्षेपणास्त्र सोडलं तर सगळ्यात जवळचा रस्ता ध्रुवावरून, आणि थुले बरोबर त्या रस्त्यात. १९६० च्या सुमारास तिथे पहिलं मोठं इशारा देणारं रडार लागलं, १९८७ मध्ये त्याजागी फेज्ड अ‍ॅरे आलं, त्यात अँटेना जागची हलत नाही, बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फिरतो, पल्ला पाचेक हजार किमी. शिवाय ध्रुवावरून फिरणारा उपग्रह जवळजवळ दर फेरीला तिथल्या आकाशात येतो, त्यामुळे त्याच्याशी बोलायला याच्याइतकी मोक्याची जागा नाही. म्हणून तर २०२० मध्ये तळ स्पेस फोर्सकडे, म्हणजे अमेरिकेच्या अंतराळ दलाकडे गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचं नाव पिटुफिक स्पेस बेस झालं. माणसं कमी झाली, काम नाही.

आता अशी जागा दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवायची का? १९४१ मध्ये काय झालं बघा. डेन्मार्क हिटलरच्या ताब्यात, आणि वॉशिंग्टनमधला डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमान याने स्वतःच्या जबाबदारीवर ग्रीनलंडचा संरक्षण करार केला. त्याच्याच सरकारने त्याला काढून टाकलं आणि देशद्रोहाचा खटला लावला. तो माणूस घाबरट असता तर? प्रत्येक वेळी काउफमान भेटत नसतो.

रेवा_क:
दोघांचे प्रतिसाद वाचले. अमेरिका, डेन्मार्क, रशिया, हिटलर, सगळे आले, तिथे आधी राहत होते त्यांच्यावर एक ओळ नाही. तळाच्या शेजारी उम्मान्नाक नावाची इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, वस्ती होती. १९५३ च्या मे महिन्यात विमानविरोधी तोफा लावायला जागा पाहिजे म्हणून २७ कुटुंबांना, ११६ माणसांना, काही दिवसांत निघायला सांगितलं. कुत्र्यांच्या गाड्यांवर सामान टाकून शंभर किमीहून लांब उत्तरेला कानाकला. तिथे घरंही तयार नव्हती, अख्खा उन्हाळा तंबूत काढला.

आणि मुहूर्त बघा. ५ जून १९५३ ला डेन्मार्कची नवी राज्यघटना आली, ग्रीनलंड वसाहत राहिलं नाही, तिथले लोक बरोबरीचे नागरिक झाले. म्हणजे नागरिक व्हायच्या आत उचललं. नंतर कितीतरी वर्षं सरकार म्हणत राहिलं की लोक आपखुशीने गेले. १९९९ मध्ये कोर्टाने सांगितलं की सक्तीनेच हलवलं होतं, पंतप्रधान रासमुसेन यांनी माफी मागितली आणि भरपाई किती, तर पूर्ण समाजाला मिळून पाच लाख क्रोनर (डॅनिश चलन), शिवाय माणशी थोडे हजार. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं, परत जायचा हक्क नाहीच.

सांगलीकर_९:
+१ रेवा. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकन तळाची सेम टू सेम गोष्ट. तळ आला की आधी वस्ती उठते.

अण्णा_डोंबिवली:
अहो आणि तो बॉम्ब विसरलात सगळे! १९६८ ला विमान पडलं, चार हायड्रोजन बॉम्ब होते, एक अजून समुद्रात पडलाय. यूट्यूबवर आहे सगळं.

जुना_फौजी:
अण्णा, थोडं सावरा. २१ जानेवारी १९६८, अमेरिकेचं बी-५२ बॉम्बर विमान, चार बॉम्ब, इथपर्यंत बरोबर. थंडी वाजते म्हणून केबिनमध्ये इंजिनची गरम हवा वाढवली, आणि सीटखाली हीटरच्या तोंडाशीच फोमच्या उशा कोंबलेल्या, त्या पेटल्या. केबिनभर धूर, वीज गेली. सात जणांपैकी सहा वाचले, को-पायलट गेला, त्याच्याकडे त्यावेळी इजेक्शन सीट (माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) नव्हती. विमान तळाच्या पश्चिमेला समुद्रावरच्या बर्फात आपटलं, बॉम्बमधली साधी स्फोटकं फुटली, अणुस्फोट झाला नाही पण प्लुटोनियम बर्फावर पसरलं. चौथा बॉम्ब हरवला अशी बातमी २००८ मध्ये आली होती, डॅनिश अभ्यासकांनी २००९ मध्ये कागदपत्रं तपासून सांगितलं की चारही तिथेच फुटले, एका बॉम्बमधला युरेनियमचा तुकडा तेवढा सापडला नाही.

ध्रुवबाळ:
फौजीकाका, पण ते विमान तिथे घिरट्या का घालत होतं तेही सांगा ना. थुलेच्या रडारवर नजर ठेवायला! रडारशी संपर्क तुटला तर तो हल्ल्यामुळे तुटला की लाइन बिघडली हे कळायला वर माणूस पाहिजे म्हणून. आणि भीती खोटी नव्हती, नोव्हेंबर १९६१ मध्ये खरंच संपर्क गेला, तिकडे बॉम्बरवाले तयारीत बसले, नंतर कळलं की कोलोराडोच्या एका रिले स्टेशनातली मोटर तापली होती. वेगवेगळ्या म्हणून ठेवलेल्या सगळ्या लाइन त्या एकाच स्टेशनातून जात होत्या. त्याआधी ५ ऑक्टोबर १९६० ला याच रडारने उगवता चंद्र बघून रशियाचा हल्ला झाला असं कळवलं. रशियाचे नेते क्रुश्चेव्ह त्यावेळी न्यूयॉर्कमध्येच होते म्हणून कुणाचा विश्वास बसला नाही. हे तुमचं सुरक्षाकवच.

जुना_फौजी:
नवीन रडार, पहिल्या काही दिवसांतली चूक. सुधारली. विमानातून अणुबॉम्ब फिरवणंही त्या अपघातानंतर बंद केलं. रडार नसतं तर बॉम्ब कायम हवेतच ठेवावे लागले असते, त्याचा विचार करा.

रेवा_क:
सुधारली? त्या अपघातानंतर प्लुटोनियमवाला बर्फ खरवडून टाक्यांत भरायला डॅनिश कामगार होते, अमेरिकनांच्या बरोबरीने. त्यांची बोंबाबोंब कित्येक वर्षं कुणी ऐकली नाही, १९९५ मध्ये माणशी ५०,००० क्रोनर टेकवले. त्याच वर्षी बाहेर आलं की डेन्मार्कमध्ये अण्वस्त्रं नको असं जाहीर धोरण असताना पंतप्रधान एच. सी. हान्सेन यांनी १९५७ मध्येच अमेरिकेला चिठ्ठी देऊन गुपचूप मोकळीक दिली होती. म्हणून मला "डेन्मार्ककडे राहू दे" वालेही पटत नाहीत ध्रुवबाळ. तुझा भाडं शून्यचा मुद्दा बरोबर आहे, पण ते शून्य भाडं भरलं कुणी?

अमोल_डेन्मार्क:
इथे आठेक वर्षं राहतोय, थोडी भर. ग्रीनलंडचे लोक तळ बंद करा म्हणून ओरडत नाहीत, त्यांना त्यातला वाटा पाहिजे. २०१४ मध्ये देखभालीचं कंत्राट अमेरिकन कंपनीच्या डॅनिश शाखेकडे गेलं तर केवढा गदारोळ झाला, कारण ग्रीनलंडचा टॅक्स आणि नोकऱ्या गेल्या. २०२२ च्या शेवटी ते परत इनुकसुक या ग्रीनलंडच्या कंपनीला मिळालं, बारा वर्षांसाठी जवळजवळ चार अब्ज डॉलर. रेवाताईंचा राग समजतो, पण १९५३ वरच थांबलो तर आजचे लोक काय मागतायत ते ऐकू येत नाही.

रेवा_क:
अमोल, वाटा राजधानी नूकला मिळतो. मी कानाकचं बोलतेय.

ध्रुवबाळ:
अमोल +१. फौजीकाका, तळाला वर्षाचं सामान उन्हाळ्यात जहाजाने जातं आणि पुढे बर्फ फोडायला कॅनडाचं जहाज येतं. त्याच कॅनडालाही तात्या ५१ वं राज्य म्हणून चिडवणार! मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स तळावर जाऊन डेन्मार्कला चार शब्द सुनावून आले, त्यावर तिथल्या कमांडर बाईंनी मेल लिहिला की हे मत तळाचं नाही, तर एप्रिलमध्ये त्यांनाच काढलं. शेजाऱ्यांशी रोज काम करणाऱ्या माणसाला कळतं ते वर कळत नाही.

जुना_फौजी:
काढलं ते बरोबरच केलं. युनिफॉर्ममध्ये असताना उपाध्यक्षाच्या विरुद्ध मेल फिरवत नसतात, मनात काहीही असो, हे कुठल्याही फौजेत चालणार नाही. कॅनडाचा मुद्दा मान्य, तिथे तात्यांचं तोंड फार सुटलंय. पण रडारवरचं माझं मत तेच.