शेतकऱ्याच्या घरातून महापौर म्हणाल तर हेझल मॅककॅलियन

वर कुणीतरी विचारलंय की कॅनडात शेतावर वाढलेलं माणूस महापौर वगैरे होतं का, तर हेझलबाईंचं नाव घ्यायलाच हवं. १९२१चा जन्म, क्वेबेकमधलं पोर्ट डॅनियल, समुद्रकाठचं छोटंसं गाव, वडलांचा मासे डबाबंद करायचा धंदा आणि घरची शेती बघायची आई. तरुणपणी मॉन्ट्रियलात आइस हॉकी खेळायच्या, मॅचमागे ५ डॉलर! मिसिसागावाल्यांना (टोरोंटोला लागून असलेलं मोठं शहर) त्या माहीत आहेतच, पण आधी त्या स्ट्रीट्सव्हिल नावाच्या छोट्या गावाच्या महापौर होत्या, १९७० ते ७३, आणि हे गाव मिसिसागात विलीन करायला त्यांचा जाम विरोध होता. १९७४ला गाव गेलंच. मग बाईंनी काय केलं तर १९७८ला मिसिसागाचंच महापौरपद जिंकलं आणि २०१४पर्यंत सोडलं नाही, मला तर हा सगळ्यात भारी सूड वाटतो :) निवडून आल्यावर पुढच्याच वर्षी, १९७९ला, मिसिसागात केमिकलवाली मालगाडी घसरली, दोन लाखांवर लोक हलवले, एकही मेला नाही, आणि हेझलबाई मुरगळलेल्या पायाने लंगडत सगळीकडे हजर.