आईस्क्रीम काड्यांचा पूल वरनं वाकतोय, सगळीकडं डबल काड्या माराव्यात काय?

शहापूरचा_सिव्हिलवाला:
नमस्कार मंडळी. सेकंड इयर सिव्हिलला आहोत, पुढच्या महिन्यात टेकफेस्टला ब्रिज मॉडेल करालोय. फक्त आईस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल, स्पॅन (दोन टेकूंमधलं अंतर) ६० सेंमी, मधोमध हुकाला बादली अडकवून वाळू ओततात आणि पुलाच्या वजनाच्या किती पट पेललं त्यावर नंबर. आमचा प्रॅट ट्रस (ट्रस म्हणजे काड्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा), उंची १० सेंमी, वजन २०० ग्रॅमच्या आसपास. घरी टेस्ट केली तर १० किलोलाच वरची पट्टी बाजूला वळली, खालचं सगळं धड. खाली डबल काड्या आहेत, वर सिंगल. टीममधला एकजण म्हणतोय सगळीकडं डबल मारूया, दुसरा म्हणतोय हॉव ट्रस करूया. सांगा की कुणीतरी.

खानापूरकर:
सगळीकडं कशाला रे, वजन घालून नंबर घालवणार काय. हिशोब बघ. मधोमध १० किलो म्हणजे मोमेंट (वाकवायचा जोर) १० गुणिले ६० भागिले ४, झालं १५० किलो-सेंमी, त्याला १० सेंमी उंचीनं भाग, १५ किलो, दोन ट्रसमध्ये वाटून एकेका वरच्या पट्टीत साडेसात किलो दाब. आता २ मिमी जाड, १० मिमी रुंद काडी, दोन जॉइंटमधलं अंतर १० सेंमी धरलं तर ऑयलरच्या सूत्रानं (दाबात काडी कधी वळते ते सांगणारं) ढोबळ ६-७ किलोलाच बकल होते, म्हणजे बाजूला वळते. म्हणजे तुझा पूल अगदी जिथं वाकायचा तिथंच वाकलाय, लाकडाचा काही दोष नाही. खालची पट्टी ताणात असते, ती बकल होतच नाही, आणि तुम्ही डबल नेमकी तिथं मारलीय. वर दोन काड्या सपाट चिकटवल्या की जाडी दुप्पट होते, पण वाकायला विरोध आठपट, कारण जाडीचा घन येतो. वजन मात्र दुप्पटच, तेही फक्त वरच्या पट्टीचं. शिवाय दोन ट्रसच्या मध्ये वरनं क्रॉस काड्या मार, दोन आधारांमधली मोकळी लांबी निम्मी झाली तर ताकद चौपट. डेक (वरून रस्ता जातो तो भाग) हलका कर, तिथं नुसती शोभा चाललीय.

उद्यमबागवाला:
खानापूरकर भाऊंचं बरोबर आहे, पण वरचं सुधारलं की पुढं जॉइंटच सुटणार बघ, तेव्हा इथं नीट लक्ष दे. काडीला काडी टोकाला टोक लावून फेव्हिकॉल मारू नकोस, टोकाचा जॉइंट काही उपयोगाचा नाही, दोन-अडीच सेंमी एकमेकांवर चढवायचं. घासपेपरनं वरची गुळगुळी काढ, डिंक पातळ लाव, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात दाबून रात्रभर ठेव. पोरं भसाभसा ओततात, सुकला तरी वजन होतंयच की. घाईला फेव्हिक्विक नको, झटका बसला की तडकते, आणि नियमातही नाही तुमच्या.

वडगावची_ताई:
हॉव म्हणणाऱ्या मित्राला अगदीच वेड्यात काढू नका. १८४० मध्ये हॉवनं पेटंट घेतलं ते लाकडाच्या पुलाचंच, तिरप्या लाकडी काड्या दाबात आणि उभे लोखंडी रॉड ताणात. कारण लाकडात ताणाचा जॉइंट करणं कटकटीचं, दाबाचा सोपा. प्रॅट ४ वर्षांनी आला, त्यात उलटं, तिरप्या ताणात आणि आखूड उभ्या दाबात. पण तुमच्याकडं रॉड नाहीत, आणि लांब तिरपी काडी दाबात टाकली तर तीही वरच्या पट्टीसारखी बाजूलाच पळणार. म्हणून माझं मत प्रॅटच ठेवा, जॉइंट उद्यमबागवाले काका म्हणतात तसे चढवून करा.

शहापूरचा_सिव्हिलवाला:
थँक्स ताई, काका. मग उंची १५ सेंमी केली तर पट्टीतला दाब अजून कमी होईल ना?

खानापूरकर:
होईल की, साडेसातचा ५ किलो होईल, पण काडी सव्वाअकरा सेंमीची, उभ्या काडीला जोड द्यावा लागणार आणि तीच नाजूक होणार. अकराच्या आतच थांब, जेवढ्यात एक अखंड काडी बसते तेवढ्यात. आणि आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, लाकूड ओल धरतंय, वजन वाढतंय. स्पर्धेपर्यंत पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद ठेव, वजनकाट्यावर जाईपर्यंत उघडू नकोस.