मदत हवी आहे: झणझणीत, पण घशाला न धरणारी मिरची कोणती?

नमस्कार मंडळी. नागपूरला राहते. वर्षाचं तिखट करायचंय, ४ किलो मिरची लागते. गेल्या वर्षी कळमन्याच्या बाजारात एकाने "घ्या ना ताई, हीच चालते" म्हणत तेजा गळ्यात मारली. पहिल्या घासाला काहीच कळायचं नाही. दुसरा गिळला की पडजिभेपाशी सुई टोचल्यासारखं व्हायचं आणि मग ठसका. सासरे पाण्याचा तांब्या जवळ घेऊनच पानावर बसायचे. उरलेलं तिखट शेवटी लोणच्यात संपवलं.

आम्ही कमी तिखट खातो असं नाही हं. रविवारी सावजी रस्सा असतोच, पाटोडीवर तर्रीही हवीच. पण तिखट कसं, जिभेच्या शेंड्यावर लगेच कळावं, कपाळाला घाम यावा आणि आचवून होईपर्यंत उतरावं. आईकडचं भिवापुरीचं तिखट असंच असायचं. (की माहेरचं सगळंच चांगलं वाटतं, कोण जाणे.)

मिरचीचा तिखटपणा सांगणारे स्कोव्हिलचे आकडे पाहिले. ब्याडगी साधारण ८ ते १५ हजार, तेजा ७५ हजारांच्या पुढे. पण त्यावरून घशाला लागेल की जिभेला, हे कसं ओळखायचं? आणि मिसळायची तर कोणती किती?

प्रतिसाद १
आकड्यावरून ते कळत नाही, ताई. १९१२ साली स्कोव्हिलने मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत नेला आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पाणी लागलं ते मोजलं. म्हणजे किती तिखट ते कळतं. कुठे लागतं, किती वेळ टिकतं, ते नाही. तिखटपणा देणारी द्रव्यंही एकाहून जास्त असतात आणि त्यांचं प्रमाण वाणागणिक बदलतं. तेव्हा चाखूनच घ्या. प्रत्येक वाणाची पाव किलो आणून वेगळी दळा. कोमट तेलात चिमूटभर तिखट कालवून साध्या भाताबरोबर खा आणि घड्याळ लावा: कधी लागलं, कुठे लागलं, कधी गेलं. दोन वाणांच्या मध्ये दही खा. पाण्याने काही होत नाही, तिखट पाण्यात विरघळतच नाही.

प्रतिसाद २
नुसत्या नावावर जाऊ नका जी. भिवापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाखाली ढिगात काय काय असते! भिवापूरले स्वतः जा, सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवतात तिथं, देठं खुडणाऱ्या बायांना विचारा, त्या हातात घेऊनच सांगतात. आमच्या घरी भिवापुरी २ किलो, ब्याडगी दीड, तेजा अर्धा. ब्याडगी रंगाले. अन् बिया काढत बसू नका, खरं तिखट आतल्या पांढऱ्या शिरेत असते.

मूळ लेखिका
दोघांचेही आभार! रविवारी तीन वाट्या मांडून बसलो. ब्याडगी सासऱ्यांना "नुसता रंग" वाटली. तेजाला मी घड्याळ लावलं: चौथ्या मिनिटालाही घसा जळतच होता. भिवापुरी लगेच लागली, कानशिलं तापली, दुसऱ्या मिनिटाला गेली. आता तेजा अर्ध्यावरून पाव किलो करतेय, तेवढी ब्याडगी वाढवते. एवढं सांगा, देठासकट घेतली तर किलोमागे घट किती धरायची?