बचतगटातील व्याज: गट सोडावा की नियम बदलावे?

गटसचिव, दारव्हा: बचतगट कर्जावर महिन्याला दोन टक्के व्याज घेतो, हे सूद आहे, म्हणून मुस्लीम महिलांनी गट तात्काळ सोडावा, असे इथे एका भावाने परवा लिहिले. सूद हराम आहे, यावर माझा वाद नाही. परंतु गट सोडलेली बाई पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी कोणाचे दार ठोठावणार, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला नाही. आमच्या गटाने रोख कर्ज बंद केले. आता गट स्वतः आठ हजारांची शेळी घेतो आणि सदस्येला नऊ हजारांना हप्त्यांवर विकतो. हप्ता चुकला तरी किंमत रुपयानेही वाढत नाही. हाच मुराबहा, म्हणजे खरेदीची किंमत आणि वरचा नफा उघड सांगून केलेली विक्री.

शेतकरी, अचलपूर: ताई, परवाचे ते मीच लिहिले होते. वरचे हजार रुपये तुम्ही घेतलेच, मग फरक कुठे राहिला?

गटसचिव, दारव्हा: फरक जोखमीत आहे. बाजारातून आणलेली एक शेळी एका विधवा सदस्येच्या हाती देण्याआधीच पोट फुगून मेली आणि ते नुकसान गटाने सोसले. रोख कर्ज असते तर ते त्या विधवेच्या माथी बसले असते. सूरह बकराची २७५वी आयत व्यापार हलाल आणि सूद हराम ठरवते, ती पुन्हा वाचावी.

सदस्या, पुसद: आमच्या मिश्र गटात व्याज वर्षअखेरीस आम्हा सदस्यांतच वाटले जाते. यात कोण कोणाला लुबाडते?

शेतकरी, अचलपूर: सूदावर एवढे बोलता, पण उश्र, म्हणजे पिकातून काढायचे धार्मिक दान, किती जणी काढतात? कोरडवाहू पिकाचा दहावा आणि ओलिताचा विसावा हिस्सा द्यावा लागतो, आणि हनफी या इस्लामी विधिपंथाच्या मतानुसार त्यातून लागवडीचा खर्च वजा होत नाही.

गटसचिव, दारव्हा: भाऊ, तुमच्या घरची कपाशी कोण वेचते, ते आधी सांगा. बोंडाच्या टोकांनी बोटे फाटतात आमची, सातबारा तुमच्या नावावर, आणि उश्राचा जाब आम्हाला विचारता?

सदस्या, पुसद: हे मात्र खरे आहे. सोयाबीनवर उचल देणारा व्यापारीही भाव मागाहून ठरवतो.

गटसचिव, दारव्हा: तो सलम, म्हणजे आधी पैसे देऊन पुढे माल घेण्याचा इस्लामला मान्य सौदा, नव्हे. सलममध्ये पूर्ण किंमत आधी मोजावी लागते, आणि मालाचे वजन, प्रत व तारीख तेव्हाच ठरते.

शेतकरी, अचलपूर: शेळी खरोखर आधी गटाच्या ताब्यात येत असेल, तर त्या व्यवहारापुरता आक्षेप मागे घेतो. परंतु गटाने बँकेतून उचललेला पैसा व्याजाचाच असणार, त्याचे काय?

गटसचिव, दारव्हा: आम्ही बँकेचे कर्ज घेतलेले नाही, सर्व व्यवहार बचतीवर चालतो. म्हणूनच यंदा तिघींनाच शेळी देता आली आणि बाकीच्या अजून थांबल्या आहेत.