कॅमेऱ्यासाठी राउटरला भगदाड पाडू नका

गंगाघाट :
नाशकात हल्ली बंगला असो की रो-हाऊस, दारावर कॅमेरा लागतोच. बसवणारा येतो, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरतो, डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचा) आयपी पत्ता डीएमझेडमध्ये टाकतो, "आता मोबाईलवर दिसतंय बघा" म्हणतो आणि निघतो. ओळखीच्यांचे राउटर बघायला बसलं की हा प्रकार वारंवार दिसतो. डीएमझेड म्हणजे बाहेरून आलेली आणि दुसऱ्या कुठल्याच नियमात न बसणारी प्रत्येक विनंती थेट त्या डीव्हीआरच्या अंगावर. वाड्याची दिंडी उखडून नुसती चौकट ठेवावी, तसं.

२०१६ साली मिराई नावाचं मालवेअर पसरलं ते अशाच उपकरणांमधून. टेलनेटचं (दुरून उपकरणात लॉगिन करायच्या जुन्या सोयीचं) २३ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, उघडं दिसलं की कारखान्यातून आलेले पासवर्ड ते एकामागून एक लावून बघायचं. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच टोळधाडीने डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत कित्येकांना काही तास उघडेनात. हल्ला करणाऱ्यांत लोकांच्या घरचे कॅमेरे आणि डीव्हीआर होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : डीएमझेड बंद, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून एका पोर्टवर आलेलं घरातल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवणं) बंद, यूपीएनपी (घरातल्या उपकरणाने मागितलं की राउटरने आपोआप पोर्ट उघडणं) बंद. घराबाहेरून कॅमेरा बघायचाच असेल तर राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद बोगदा) लावा. पोर्ट एकच उघडं राहतं, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही.

कॉलेजरोड_गेमर :
डीएमझेडचं पटलं. यूपीएनपीचं अजिबात नाही. ते बंद केलं की गेमिंग कन्सोलवर 'स्ट्रिक्ट नॅट' (नॅट म्हणजे एकाच पत्त्याआड अनेक उपकरणं; स्ट्रिक्ट म्हणजे बाहेरच्यांशी जोडणी अडते) येतं, मित्रांशी बोलणं तुटतं, सामना जुळत नाही. आणि पोर्ट उघडायची मागणी घरातलंच उपकरण करतं, बाहेरचा कोणी नाही.

गंगाघाट :
घरातलं कोणतं उपकरण, हे राउटर विचारत नाही ना! बहुतेक घरगुती राउटरवर यूपीएनपीला ना पासवर्ड लागतो ना परवानगी. कन्सोलने मागितलं तर उघडतं, आणि लॅपटॉपमध्ये शिरलेल्या मालवेअरने मागितलं तरी उघडतं. कन्सोलला ठरावीक आयपी बांधून द्या आणि त्याला लागणारं पोर्ट तेवढं हाताने फॉरवर्ड करा. एक्सबॉक्सला यूडीपी ३०७४ लागतं.

कॉलेजरोड_गेमर :
म्हणजे 'पोर्ट फॉरवर्डिंग बंद' हा तुमचा नियम दुसऱ्याच प्रतिसादात सैल झाला. मग मूळ धाग्यातच तसं लिहा, लोक तेच वाचून सगळं बंद करतील.

पिंपळगावचा_बागायतदार :
हे सगळं शहरात, फायबर असलेल्यांचं बोलणं चाललंय. माझी बाग पिंपळगाव बसवंतला, राहतो नाशकात. बागेत सिमकार्डचा राउटर. त्याच्या वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी बघितला तर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला. हा पट्टा कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी २०१२ पासून राखून ठेवलेला आहे. म्हणजे माझा राउटर कंपनीच्या नॅटच्या मागे. तिथे मी पोर्ट उघडलं काय आणि नाही काय, बाहेरून आलेलं माझ्यापर्यंत पोचतच नाही. तुमचं वायरगार्डही बागेत ऐकत बसलं तर कोणाला ऐकू जाणार?

निफाड पट्ट्यात थंडीत पहाटे पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात. तेव्हा बागेत कोण आहे, शेकोटी पेटली का, ठिबक चालू झालं का, हे मला त्याच क्षणी बघायचं असतं. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप क्यूआर कोड स्कॅन केला की चालू होतं. आमच्यासारख्यांना हाच मार्ग आहे आणि तो चुकीचा ठरवू नका.

गंगाघाट :
दिशा उलटी करा. नाशकातल्या घरी पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता) असेल तर वायरगार्ड तिथे ऐकत ठेवा, बागेतला राउटर आतून बाहेर जोडणी करेल. आतून निघालेली जोडणी सामायिक नॅट अडवत नाही. दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवायची सोय त्यात आहे, त्यामुळे वाट उघडी राहते. क्लाउड ॲपमध्ये तुमच्या बागेचं दृश्य कुठल्या सर्व्हरवरून जातं आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, हे तुम्हाला कोण सांगणार?

सिडको_नेटवर्क :
दोघांनीही आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सोडलं. नॅट म्हणजे फायरवॉल (येणारं-जाणारं तपासणारा पहारा) नव्हे. आयपीव्ही६वर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता असतो, नॅटचा आडोसा नसतो. तिथे राखण करतो तो फक्त फायरवॉलचा 'बाहेरून आलेलं नाकारा' हा नियम. कॅमेरा दिसत नाही म्हणून काहीजण आयपीव्ही६ फायरवॉलच बंद करून टाकतात. हे डीएमझेडपेक्षा वाईट, कारण एक उपकरण नाही, अख्खं घर उघडं पडतं.

इंदिरानगर_आई :
यूपीएनपी बंद केल्यावर मोबाईलवरून टीव्हीवर फोटो दाखवता येणार नाहीत का? मुलगा म्हणाला मल्टिकास्टपण (एकाने पाठवलेलं एकदम अनेक उपकरणांना जाणं) बंद करू, वायफाय हलकं होईल.

सिडको_नेटवर्क :
ताई, मल्टिकास्ट सरसकट बंद करू नका. टीव्ही, प्रिंटर एकमेकांना शोधतात ते २२४.०.०.२५१ आणि २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यांवर. यूपीएनपीतली पोर्ट उघडण्याची सोय बंद केली तरी ही शोधाशोध घरात चालूच राहते. मुलाचं म्हणणं निराधार नाही : वायफायवर मल्टिकास्ट सहसा सगळ्यात मंद गतीने जातं, त्यामुळे आयपीटीव्ही (नेटवरून येणारा टीव्ही) असेल तर वायफायची वाट त्यानेच भरून जाते. त्यावर उपाय आयजीएमपी स्नूपिंग (कोणतं उपकरण ऐकतंय ते बघून मल्टिकास्ट तेवढ्यांनाच पाठवणं). पण राउटर 'कोण ऐकतंय' अशी विचारणा करणारा हवा, नाहीतर २६० सेकंदांनी सदस्यत्व संपतं आणि टीव्ही यादीतून गायब होतो.

पिंपळगावचा_बागायतदार :
@गंगाघाट, उलट जोडणीचं समजलं. तरी माझं मत तेच. ही कामं बागायतदाराने करायची नाहीत, कॅमेरा बसवणाऱ्याने करायची. पैसे तो घेतो.

गंगाघाट :
मग बिलावरच लिहून घ्या : कोणतं पोर्ट उघडलं, कोणत्या उपकरणासाठी, आणि कारखान्याचा पासवर्ड बदलला की नाही. तेवढं लिहून दिल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.