जुनी सिग्मा १५०-६०० लेन्स घ्यावी का? ६०० ला (पूर्ण झूमवर) फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट येतोय

धरमपेठ_क्लिक:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन २००डी कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. नागपुरातल्या अंबाझरी-गोरेवाड्याचे पक्षी काढायचेत. एक जण वापरलेली सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी विकतोय. काल भरदुपारी फुटाळा तलावावर लावून पाहिली. पलीकडच्या काठावरचा बगळा ६०० ला नुसता पांढरा गोळा आला, पीस म्हणून दिसेना. लेन्स गेलेली आहे का? की नवी ५५-२५० एसटीएम घेऊन गप्प बसू?

खंड्या_गोरेवाडा:
अरे बाप्पा! मे महिन्यात, भरदुपारी, तळ्यापलीकडचा बगळा? तापलेल्या काठावरची हवा लहरत असते अन् ६०० ला तेच लहरणं मोठं होऊन दिसतं. त्या वेळी कितीही महागाची लेन्स लाव, गोळाच येणार.

खरी तपासणी भिंतीवर कर. वर्तमानपत्राचं उघडं पान सपाट चिकटव. ही लेन्स २.८ मीटरच्या आत फोकस करत नाही, अन् ६०० ला पान फ्रेममध्ये मावायला बरंच मागं जावं लागेल, म्हणून सकाळी लवकर गच्ची गाठ. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाच्या अगदी समोर, ओएस (लेन्समधली हलणं सावरायची सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. १५०, ४०० आणि ६०० ला एकेक फोटो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, एकेक एफ/८ ला (म्हणजे थोडं बंद करून). मग कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून कोपरे बघ. चारही सारखेच जरासे सॉफ्ट असतील तर सोडून दे, झूमचं ते चालायचंच. पण तीन कोपऱ्यांतली अक्षरं लख्ख अन् चौथ्यातली फिसकटलेली, कॅमेरा पुन्हा नीट लावूनही तस्संच, तर आतली काच जागची हललीय. बहुतेक कधीतरी पडली असणार. किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नको.

अन् मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मार, पुढून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धुळीचे चार कण मनावर घेऊ नको, आपल्याकडं बिनधुळीची जुनी लेन्स मिळते कुठं?

उमरेड_सफारी:
वजनाचाही विचार करा. ही जवळपास दोन किलो, ५५-२५० पावणेचारशे ग्रॅम. जिप्सीत बीनबॅगवर ठीक, पण अंबाझरीच्या बांधावर तासभर हातात धरून बघा. शिवाय ६०० ला एफ/६.३, म्हणजे उजेड कमी आत येतो, पहाटे आयएसओ चढणारच अन् फोटो दाणेदार होणार. तरी पक्ष्यांना २५० कमीच पडतं हो.

धरमपेठ_क्लिक:
सकाळी गच्चीवर केलं सगळं. कोपरे चारही सारखे, बुरशी नाही. पण व्ह्यूफाइंडरमधून फोकस केला की अक्षरं पुसट अन् लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून) तीच कोरीव. हे काय?

खंड्या_गोरेवाडा:
मग काच उत्तम आहे राजा, व्ह्यूफाइंडरमधून केलेला फोकस जरा पुढंमागं बसतोय. २००डी मध्ये तो दुरुस्त करायची सोय नाही, पण सिग्माच्या यूएसबी डॉकनं (लेन्स कॉम्प्युटरला जोडायचं साधन) लेन्समध्येच करता येतो. हे दाखवून भाव पाड. डॉक माझ्याकडं आहे, रविवारी लॅपटॉप घेऊन ये.